मदत हवी आहे: गुडघे बदललेल्या आईला उदयपूर कसं दाखवू?

नमस्कार मंडळी,

दिवाळी झाली की आईला घेऊन उदयपूरला जायचंय, आम्ही दोघीच, पुण्याहून. लाभपंचमीपर्यंत तिथे गुजरातची खूप गर्दी असते असं ऐकलं म्हणून त्यानंतरचे चार दिवस धरलेत, त्यातले तीन पूर्ण हातात. आई ७२ वर्षांची आहे, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं, सपाटीवर अर्धा तास आरामात चालते पण पायऱ्या म्हटलं की एकेक करत, तेही कठडा असेल तरच, आणि चढण्यापेक्षा उतरताना जास्त त्रास. आणि उदयपूरचे फोटो बघावेत तर घाटांनाही पायऱ्या आणि महालांनाही पायऱ्या. त्यामुळे ज्यांनी घरच्या वयस्कर माणसांना तिथे नेलंय त्यांनी प्लीज जरा सविस्तर सांगा.

थोडं मागचं सांगते म्हणजे प्रश्न नीट कळेल. आई शाळेत इतिहास शिकवायची. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एका जुन्या कॅलेंडरचं पान चिकटवलेलं आहे, उदयपूरच्या पिछोला तलावात मधोमध पांढरा जगनिवास महाल. माझ्या लहानपणापासून ते तिथेच आहे, हळदीचे डाग पडलेत, एक कोपरा तेलकट होऊन पारदर्शक झालाय. तिला जायचं होतं पण सुट्टी मिळायची ती मे महिन्यात आणि मेमध्ये राजस्थानात कोण जाणार, आणि दिवाळीत घर सोडणं शक्यच नव्हतं. रिटायर झाल्यावर आधी बाबांचं आजारपण आणि मग तिचे गुडघे. आता जमतंय तर मला ते नीट जमवायचंय.

टूर कंपनीबरोबर जा असं बरेच जण सांगतात पण ते मला नकोय. ऑपरेशनच्या आधी आम्ही एका टूरबरोबर गेलो होतो, कंपनीचं नाव नाही घेत, एका किल्ल्यापाशी गाइड तिला म्हणाला की आजी तुम्ही बसमध्येच बसा, आणि ती अडीच तास बसमध्ये बसून राहिली. काही बोलली नाही. रात्री रूमवर मात्र माझा फोन मागितला आणि किल्ल्याचा एकेक फोटो मोठा करकरून बघत होती, दरवाजावर काय कोरलंय, बुरूज कुठल्या बाजूला आहे. ते बघून मला इतकं वाईट वाटलं की तेव्हाच ठरवलं, पुढच्या वेळी ठिकाणं कमी पण तिला सोडून काही नाही.

म्हणूनच कुंभलगड, रणकपूर, चित्तोड, नाथद्वारा हे सगळं तीन दिवसांत कोंबायचं नाहीये. चित्तोडबद्दल तिलाच विचारलं तर म्हणाली, ते एकटं टेकाड मोकळ्या मैदानात, वेढा घातला की संपलं, म्हणून तर उदयसिंहांनी अरवलीच्या डोंगरांच्या आत नवं गाव वसवलं, मला ते गावच बघायचंय. १५६८ मध्ये चित्तोड अकबराकडे गेलं तेव्हा या नव्या राजधानीचं महत्त्व कळलं असं ती वर्गात शिकवायची. आणि तलाव तर गावाच्याही आधीचा, चौदाव्या शतकात धान्याची वाहतूक करणाऱ्या एका बंजाऱ्याने बांध घातला असं सांगतात.

आता प्रश्न.

सिटी पॅलेस आतून बघणं तिला झेपेल का? माझ्या मावसभावाने सांगितलं की आतला रस्ता एकेरी आहे, जिने मुद्दाम अरुंद ठेवलेत, एकदा शिरलं की मागे फिरणं अवघड. तिला मोर चौकातले काचेचे मोर बघायचेतच. वर खडकावर केलेली बाग आहे ती नाही झाली तरी चालेल.

बोटीत चढता-उतरताना कितपत त्रास होतो? जगनिवास आता हॉटेल आहे, राहणाऱ्यांशिवाय कोणाला उतरू देत नाहीत हे माहीत आहे, आत जायचा हट्ट नाही, पाण्यावरून जवळून दिसला की झालं. त्याच तलावातल्या दुसऱ्या बेटावरच्या महालावर, जगमंदिरावर, मात्र उतरायचंय. शाहजहान अजून शहजादा खुर्रम होता तेव्हा बापाविरुद्ध बंड करून तिथे आसऱ्याला राहिला होता.

बागोर की हवेलीमध्ये संध्याकाळी ७ वाजता नाच असतो तिथे खुर्ची मिळते का? खाली बसली तर तिला उठता येत नाही. ही हवेली तिच्यासाठी फार महत्त्वाची आहे. १७६९ मध्ये महादजी शिंद्यांनी उदयपूरला वेढा घातला तेव्हा शहर लढवणारा मंत्री अमरचंद बडवा, हवेली त्याचीच. आपल्या पुस्तकांत महादजी म्हणजे पानिपतानंतर दिल्लीपर्यंत पुन्हा दबदबा बसवणारे, ती म्हणते त्या वेढ्याच्या आतली माणसं कशी राहिली असतील हे मी मुलांना कधी सांगितलंच नाही, मला त्या चौकात थोडा वेळ बसायचंय.

आणि शेवटचं, राहायचं कुठे? घाटावरच्या जुन्या हवेल्यांमधल्या खोल्या सुंदर दिसतात पण लिफ्ट नसते. सकाळी चहा घेताना खोलीतून पाणी दिसावं एवढीच अपेक्षा आहे. बजेट थोडं ताणायची तयारी आहे.

*

प्रतिसाद: मी सासूबाईंना नेलं होतं, त्यांचेही गुडघेच. पॅलेस सकाळी उघडल्या उघडल्या गाठा, ग्रुप यायच्या आत, म्हणजे जिन्यात मागून कोणी ढकलत नाही. बाहेरचा माणेक चौक मोठा आणि मोकळा आहे, आधी तिथे दम खाऊ द्या. तिथून बोटीच्या रामेश्वर घाटाकडे उतार लागतो, घाई करू नका. बोटीत पाय टाकताना बोटवाल्याला आधीच सांगून ठेवा, ते हात देतात. जगदीश मंदिराच्या ३२ पायऱ्या चांगल्याच उभ्या आहेत, आम्ही खालूनच नमस्कार केला. त्याऐवजी सहेलियों की बाड़ी ही बाग आणि फतेहसागर तलावाची पाळ करा, दोन्ही सपाट. सज्जनगडला (आपला साताऱ्याचा नव्हे, उदयपूरचा डोंगरावरचा महाल) वरपर्यंत गाडी जाते, खालच्या गेटपासून वनखात्याची घ्यावी लागते. नाचाला मागे खुर्च्या होत्या पण थोड्याच, लवकर जाऊन रांग धरा.

प्रतिसाद: लाल घाटापेक्षा चांदपोलचा पूल ओलांडून हनुमान घाटाच्या बाजूला राहा. त्या काठावरून समोर अख्खा राजवाडा दिसतो, संध्याकाळी दिवे लागले की पाण्यात उतरतो. जुन्या गावात मोठी गाडी घुसत नाही, ड्रायव्हर अलीकडेच सोडतो, बॅगा कमी ठेवा आणि पुढे रिक्षा करा. एकलिंगजी २२ किमीवर आहे, देवळाच्या वेळा बघून अर्धा दिवस काढता येईल.

*

दोघांचेही मनापासून आभार. हनुमान घाटाचं वाचून काल तिथल्या दोन-तीन ठिकाणी फोन केले. सगळ्यांना एकच विचारलं, रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती, मोजून सांगा. दोघांनी जास्त नाहीत म्हणून टाळलं. तिसऱ्या ठिकाणच्या काकांनी फोन चालू ठेवून खरंच चालत जाऊन मोजल्या. तळमजल्याची खोली, पाण्याकडे खिडकी, पायऱ्या सात, डाव्या बाजूला कठडा. तीच बुक केली. आईला सांगितलं तर तिने आधी विचारलं, खिडकीतून जगनिवास दिसतो का. ते मी काकांना विचारायलाच विसरले, उद्या परत फोन करते. एकलिंगजी तिसऱ्या दिवशी ठेवतेय, तिथे आतमध्ये पायऱ्या किती आहेत कोणाला आठवतंय का?