मदत हवी आहे: गल्लीतला कचऱ्याचा कोपरा कायमचा कसा बंद करायचा?

मंडळी, आमची गल्ली मुलुंड पूर्वेला, चार जुन्या बिल्डिंगी आणि एक बैठी चाळ. कोपऱ्यावर लाईटच्या डीपीला लागून कचऱ्याचा ढीग असायचा. मागच्या रविवारी आम्ही अकरा जण फावडी घेऊन उतरलो, दोन तास खपलो, भिंतीला चुना मारला, चाळीतल्या काकूंनी रांगोळी काढली, चार कुंड्या ठेवल्या, फोटो काढले, ग्रुपवर नुसते अंगठे आणि टाळ्या. बुधवारी सकाळी बघतो तर रांगोळीच्या बरोब्बर मधोमध निळी पिशवी, आत कोलंबीची सालं, आणि मांजर आधीच कामाला लागलेलं 😤

टाकणारे आपलेच आहेत हो, बाहेरचं कोण येणार. पण भांडून उपयोग नाही, एकदा भांडलो तर दोन बिल्डिंगी ग्रुप सोडून गेल्या.

आता घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये १९९७ च्या सुमारास एएलएम (म्हणजे रहिवाशांनी पालिकेसोबत मिळून आपल्या गल्लीची स्वच्छता सांभाळायचा गट) सुरू झालं, तसं आपल्याकडे करावं असं चाललंय. कोणी केलंय का? वॉर्डात अर्ज देताना काय काय लागतं, चाळीला सोसायटी नाही तर तिला कसं धरायचं? दुसरं, ओल्या कचऱ्याच्या ड्रममध्ये अळ्या झाल्यात, सुका पाला घालतोय पण पावसात तो तरी सुका कुठून आणू? कोकोपीटने (नारळाच्या काथ्याच्या भुशाने) फरक पडतो का?

आणि रात्रपाळीवाले, ज्यांना सकाळची गाडी मिळतच नाही, त्यांच्या कचऱ्याचं तुमच्याकडे काय करता?