३६वं दालन: सराव इतका लांब का?

प्रश्न: ‘थर्टी सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ (१९७८) हा कुंग फू सिनेमा बघतोय. मधला मोठा भाग नुसता सराव आहे. तो थोडा कापला असता तर काय बिघडलं असतं? आणि ती तीन तुकड्यांची काठी शेवटी एकदम कशी काय जिंकते?

लाठीकाठी: सराव कापला तर सिनेमाच उरत नाही. शाओलिन मठात सरावाची ३५ दालनं आहेत. नायक सान ते (गॉर्डन लिऊ) थेट सगळ्यात वरच्या, ३५व्या दालनात शिरतो आणि तिथून फेकला जातो. मग खालून सुरुवात. जेवणघराच्या वाटेवर पाणी, त्यावर तरंगता लाकडांचा भारा. धप्पकन पाय टाकला की भारा फिरतो, माणूस पाण्यात. बादल्यांचं दालन तर परत परत बघा: हात आडवे ताणून चढावर पाणी न्यायचं, दंडाला आतून सुऱ्या बांधलेल्या. खांदा दमला की कोपर आपोआप बरगडीकडे येतं आणि टोक टोचतं. चूक दाखवायला गुरूची गरजच नाही! दिग्दर्शक लाऊ कार-लियुंग स्वतः हुंग गार या दक्षिण चीनमधल्या कुंग फू शैलीत तयार झालेले, वडिलांकडून शिकलेले. म्हणूनच हे इतकं पटतं.

मावळा_७८: काठीचं उत्तर समोरच्या भिक्षूच्या हातात आहे. त्याच्याकडे दोन आखूड, रुंद पात्यांच्या तलवारी. सरळ शस्त्र आलं की एका पात्याने अडकवायचं आणि दुसऱ्याने आत घुसायचं. सान ते असाच हरतो. तीन तुकडे साखळीने जोडले की एक तुकडा अडला तरी पुढचा वळून मागून येतो, तिथे पातं पुरत नाही. मात्र हेच शस्त्र नवशिक्याला मारतं. फटका अडला की मोकळं टोक उलटून स्वतःच्या कोपरावर किंवा डोक्यात बसतं. सुरुवात फोम गुंडाळलेल्या काठीनेच करावी.

प्रश्नकर्ता: बादल्यांचा सराव घरी जमेल?

लाठीकाठी: भरलेली १० लिटरची बादली म्हणजे १० किलो, तीही खांद्यापासून हातभर लांब. खांदा आखडेल. दोन्ही हातांत १-१ लिटरची बाटली घ्या, २० सेकंद, तीन वेळा. खांदे कानाकडे चढायला लागले की तिथेच थांबा. आणि सुऱ्या नकोत, काखेत घडी केलेला टॉवेल धरायचा प्रयत्न करू नका, त्याने हात खालीच येतो.

मावळा_७८: कॉपी बघून घ्या. मूळ चौकट २.३५:१ (रुंदी:उंची) आहे. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी कापलेल्या कॉपीत ४० टक्क्यांहून जास्त चित्र जातं. मग तलवार दिसते, पण ती अडवणारी काठी चौकटीबाहेर.