सड्यावर बाभूळ लावू की गवत वाढवू?

राजापूरकर:
वाडीच्या वरचा सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं पठार, सामाईक आहे, सातबाऱ्यावर चाळीसेक नावं. आई म्हणते, गणपतीत तिथं गुडघाभर गवत असायचं. आता अर्धा नुसता कातळ आणि कडेनं रानमोडीचं तण. ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपं फुकट मिळतायत. घेऊ का? की हिवरेबाजारसारखी चराईबंदी करू?

गोठ्यातली काकी:
बाभूळ नको रे बाबा. सड्यावर माती दोन बोटं, तीही खळग्यात. खड्ड्यांसाठी कातळ फोडलात तर आहे तीही व्हाळाला (ओढ्याला) जाईल. शिवाय बाभळीखाली पाल्याचा असा थर बसतो की गवत डोकं काढत नाही. आणि पहार मारण्याआधी कातळशिल्प नाही ना, तेवढं बघा.

हिवरेबाजारात पाऊस जेमतेम 400 मिलिमीटर, आपल्याकडे 3000 च्या वर. चराईबंदी करून गवत विळ्यानं कापून न्यायचं, ही त्यांची रीत मात्र घेण्यासारखी. आपली अडचण निराळी. पावसात खाली भात, म्हणून गुरं वर. नेमकी गवत उगवायच्या वेळी. सगळा सडा बंद केलात तर वाडीत भांडणं होतील. अर्धाच बंद करा, पुढच्या वर्षी दुसरा अर्धा. चाकरमान्यांचे मळे पडीक आहेतच, फोन करून विचारा, तिथं गुरं चारा. नाही म्हणणारा सहसा भेटत नाही, बांध तोडू नका एवढंच म्हणतात.

खरा वैरी वणवा. शिमग्याच्या आसपास कोणीतरी काडी टाकतोच. मग जूनच्या पहिल्या सरीला उघडी माती राखेसकट खाली; व्हाळाचं पाणी बघा, लालभडक. थंडीतच कडेनं पट्टा साफ करून घ्या. रानमोडी पाऊस संपता संपता, फुलायच्या आत उपटा. तेव्हा मुळासकट येते.

भुजवाला:
नोकरीमुळे कच्छात आहे. इथल्या बन्नी या गवताळ प्रदेशात 1960 च्या दशकात वनखात्यानं रण पसरू नये म्हणून गांडो बावळ (वेडी बाभूळ) लावली. आता गवतात तीच पसरलीय, मालधारी (गुरं पाळणारे) वैतागलेत. काकींचं ऐका.

राजापूरकर:
काकी, गवताचं बी कुठून आणू?

गोठ्यातली काकी:
विकत कशाला? सड्याच्या ज्या कोपऱ्यात गवत उरलंय तिथलंच घ्या. चाऱ्याचं गवत फुलोऱ्यात कापायचं, नंतर ते काडी होतं, गुरं तोंड लावत नाहीत. पण मधे मधे पट्टे राखा. दिवाळीच्या सुमारास तुरे पिवळे झाले की ओरबाडून सुकवा. कुसळं बोटांत घुसतात, जुने मोजे घाला. मे अखेरीस शेणमातीत कालवून कातळाच्या भेगांत दाबा, आणि उतारावर सुट्ट्या जांभ्याची आडवी ओळ लावा म्हणजे माती अडेल. चिरे विकत आणू नका, सड्यावरचे पडलेलेच पुरतात. पहिल्या साली फार दिसणार नाही. चाळीस जणांच्या सह्यांची वाट बघत बसू नका, गुरंवाल्या घरांना आधी बसवा.