स्वप्नातला बेस गिटार घरी आला, आता त्याचं वजन! तुमचेही अनुभव लिहा

कृष्णाकाठी
परवा सांगलीत विश्रामबागेत एका कार्यालयाबाहेर ऑर्केस्ट्राचा टेम्पो लागला होता. त्यातनं एक पोरगा पाठीला बेस अडकवून उतरला आणि उतरताना हात मागं नेऊन त्यानं गिटारचं टोक धरलं, वरच्या पत्र्याला लागू नये म्हणून. ही सवय बेसवाल्यांचीच. ३४ इंची स्केल, स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी, म्हणजे साध्या गिटारपेक्षा चांगलं वीतभर लांब, ते टोक कुठंही आपटतं. तिथंच उभा राहिलो आणि कॉलेजचे दिवस आठवले. गणपतीत आमचा ऑर्केस्ट्रा तासगाव, विटा, आष्टा, पलूस असा फिरायचा, मी बेसवर, पण बेस मालकाचा. शेवटचं गाणं झालं की पुसून पेटीत ठेवायचा आणि पेटी मालकाच्या टेम्पोत. घरी सराव करायचा तर आईच्या लाटण्यावर बोटं फिरवायचो, खरंच सांगतोय. तेव्हापासून डोक्यात एकच होतं, फेंडर कंपनीचा जाझ बेस, सत्तरच्या दशकातल्या धाटणीचा, अॅश लाकडाचा, मानेवर शिंपल्यासारख्या चमकणाऱ्या चौकोनी खुणा असलेला.

मग नोकरी, घराचे हप्ते, आईचं आजारपण, पोरीचं शिक्षण, सगळं क्रमानं झालं. गेल्या दिवाळीत ही म्हणाली, आता घ्या, नाहीतर कधी घेणार. घेतला. पेटी उघडली तेव्हा पोरगी शूट करत होती आणि मी काहीच बोललो नाही, बोलताच आलं नाही. आवाज जसा ऐकू यायचा मनात तसाच आहे.

आता वजन. मित्राच्या हळदीच्या वखारीत काट्यावर ठेवला, पावणेपाच किलो. बसून काही नाही, पण उभं राहून तासभर वाजवला की डावा खांदा मानेपर्यंत पेटतो, करंगळीला मुंग्या येतात. वय पन्नाशीच्या पुढं. विकणार नाही हे आधीच सांगतो, तो सल्ला नको. ज्यांना आपलं मनातलं वाद्य उशिरा मिळालं आणि जड निघालं, कुठलंही असो, त्यांनी लिहा. कसं पेलता?

चार_तारा
अभिनंदन दादा!! फोटो टाका की, फोटोशिवाय कसला धागा

आल्टो_ताई
मिरजेत चर्चमध्ये वाजवते, नाताळच्या आठवड्यात रोज उभं राहून. पट्टा बदला पहिला. बेसबरोबर जो दोन इंची नायलॉनचा येतो तो काढून ठेवा, चार इंची चामड्याचा घ्या, आतनं मऊ स्वेड असलेला, म्हणजे घसरतही नाही. वजन तेवढंच राहतं पण खांद्यात रुतत नाही. आणि बेस थोडा वर घ्या, गुडघ्यापाशी लोंबता बेस फोटोत छान दिसतो पण डावं मनगट मोडतं त्यात. घरी सराव उंच स्टुलावर. पाद्रीबाबांनी मला स्टूल दिलंय आता, मधल्या गाण्यांना बसते, कोणी काही म्हणत नाही. भाजी टाकलीय गॅसवर, बाकीचं नंतर

डॉ_मान_पाठ
सातारहून. फिजिओ आहे म्हणून आधी कामाचं बोलते. करंगळीला मुंग्या येतात हे वाचून थांबले. कृष्णाकाठीदादा, हाताकडं जाणाऱ्या नसा मानेतून निघून कॉलरबोनच्या खालून जातात, पट्ट्याचा सगळा दाब त्याच पट्टीत येतो. दुखणं एक गोष्ट, मुंग्या वेगळी गोष्ट. बेस खाली ठेवल्यावरही मुंग्या राहत असतील किंवा पकड ढिली वाटत असेल तर आधी दाखवून घ्या, इथं विचारत बसू नका. ते नसेल तर रुंद पट्टा, दर वीस-पंचवीस मिनिटांनी बेस स्टँडवर, आणि दोन गाण्यांच्या मध्ये निवेदक बोलत असतो तेव्हा सुद्धा डाव्या हातानं खालून उचलून धरायचा, खांद्याला तेवढीच सुट्टी. खांदा वर ओढून वाजवायची सवय बऱ्याच जणांना असते, तुमची पोरगी शूट करतेच तर तिला पाठीमागून एक व्हिडिओ घ्यायला सांगा, दोन्ही खांदे एका रेषेत आहेत का बघा. पाठीच्या वरच्या स्नायूंचे व्यायाम हवेतच, रबर बँड दाराला अडकवून मागे ओढायचे. औषध म्हणून नाही, सरावाचाच भाग म्हणून करा. माझ्याकडं ढोल पथकातल्या मुली येतात, त्यांना पण हेच सांगते.

पोवईनाका_ढोल
ढोल म्हटलं म्हणून आले :-) ढोल कमरेला बांधायचा असतो तरी पहिल्या वर्षी कमरेवर काळे-निळे वळ. आई म्हणाली बंद कर. आता ओढणी चार पदरी करून आतनं बांधते आणि मग दोरी. पण मिरवणुकीत दणका सुरू झाला की वजन कुठं जातं कळत नाही, दुसऱ्या दिवशी परत येतं.

कृष्णाकाठी
@डॉ_मान_पाठ ताई मनापासून आभार. मुंग्या बेस ठेवला की दहा मिनिटात जातात. तरी दाखवतो, हिनं वाचलंय हे, आता सुटका नाही.
@चार_तारा संध्याकाळी टाकतो

चार_तारा
सत्तरचं मॉडेल म्हणजे जड असणारच, तेव्हा अॅश वापरायचे, त्यात हलका-जड असा खूप फरक पडतो. पाणथळ जागेतल्या अॅशचं खोडाच्या खालच्या भागातलं लाकूड हलकं, तेच थंड प्रदेशातल्या कोरड्या जमिनीवरच्या झाडाचं दगड. आता तर अमेरिकेत एक हिरवा भुंगेरा अॅशची झाडं खातोय, २०२० मध्ये फेंडरनं सांगून टाकलं की नेहमीच्या मॉडेलमधनं अॅश जवळपास काढतोय. म्हणजे दादा तुमच्याकडं आहे ते जपा. माझा आल्डर लाकडाचा आहे, चार किलोच्या आत. पण तुमच्या त्या चौकोनी खुणांवर माझा जीव आहे, खोटं कशाला बोलू.

खालचा_सा
आज ज्याला आपण जड म्हणतोय ते वाद्य मुळात ओझं कमी व्हावं म्हणून आलं. आधी बेसवाल्याकडं डबल बेस, माणसाएवढा, गाडीच्या टपावर बांधून न्यायचा, आणि स्टेजवर ट्रम्पेटसारख्या ब्रासच्या वाद्यांपुढं ऐकूच यायचा नाही. लिओ फेंडरनं १९५१ ला प्रिसिजन बेस काढला, गळ्यात अडकवायचा, पडदे असलेला, अॅम्पला म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीला जोडायचा. जाझ बेस १९६० चा. गंमत म्हणजे लिओ फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, रेडिओ दुरुस्त करणारा माणूस! वाजवणारे दुकानात येऊन तक्रारी सांगायचे आणि हा ऐकून बदल करायचा.

आपल्याकडं हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत आरडींकडं टोनी वाझ बेसवर असायचे. लहानपणी मी रेडिओला कान लावून फक्त खालचा आवाज ऐकायचो, गाणारा कोण याच्याशी देणंघेणं नाही. वडील म्हणायचे हा पोरगा गाणं सोडून काय ऐकतो. मोकळ्या जाड तारेचा आवाज ४१ हर्ट्झ, तो कानाला कमी आणि छातीला जास्त लागतो. त्या आवाजासाठी पावणेपाच किलो मला महाग वाटत नाही. माझा स्वतःचा बेस मात्र अजून व्हायचाय. पोराची फी भरली की.

आल्टो_ताई
@खालचा_सा होईल भाऊ. आमच्या चर्चचा जुना बेस पडून आहे, पिकअपची, म्हणजे तारेखालच्या चुंबकाची, वायर सुटलीय फक्त. विचारून बघू का मी?

खालचा_सा
ताई विचारा की!! मी वाळव्याहून येतो लगेच

तंबोरेवाली
बेसमधलं कळत नाही पण वाद्य वाहून नेण्याबद्दल बोलायचा हक्क आहे माझा. माहेर मिरज. गाणं शिकताना स्वतःचा तंबोरा हवा हे एकच वेड, तोवर गुरुजींचा. शेवटी सितारमेकर गल्लीत सांगितला, तर त्यांनी आधी भोपळा दाखवला, पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं येतात ते, म्हणाले हा तुमचा. म्हणजे वाद्य अजून झालेलंच नाही आणि भोपळा माझा झाला. अधूनमधून बघून यायचे. दांडी तुणीच्या लाकडाची, सगळं हातानं, नक्षीसुद्धा.

वजन फार नाही, पण आकार! आणि भोपळा म्हणजे आतनं पोकळ, एक धक्का लागला की तडा. सासर साताऱ्याचं, मिरजेहून रेल्वेनं आणला तर मी उभी आणि तंबोरा सीटवर. समोरचे आजोबा म्हणाले, त्याचं पण तिकीट काढलंय का बाई? मग त्यांनीच पोरांना सरकवून मला बसायला जागा केली आणि कोरेगावपर्यंत त्यांच्या तरुणपणीचं भजन ऐकवलं. आवाज काय होता त्यांचा!

२०२४ ला मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा मी आमच्या तंबोऱ्याला हार घातला. यजमान हसले, हसू दे. उरुसात दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं असतं तेव्हा अजूनही येते मी मिरजेला.

पोवईनाका_ढोल
काकू किती गोड. कोरेगावचे आजोबा डोळ्यासमोर आले

कऱ्हाडी_कीबोर्ड
आमच्या बँजो पार्टीत बेसवाला नव्हताच, कीबोर्डवर डाव्या हातानं बेस मीच मारायचो. गाडीवर उभं राहून, खाली जनरेटर, पुढं पब्लिक. आता सगळे डीजे लावतात, ऑक्टापॅडवाला भाऊ रिक्षा चालवतो. वाईट वाटतं. पण तुमचा धागा वाचून कीबोर्ड माळ्यावरनं काढला आज. कव्हरवर धूळ लई होती, आत ठीक आहे.

कृष्णाकाठी
@कऱ्हाडी_कीबोर्ड भावा एकदा ये सांगलीला. मनापासून सांगतोय.

मुलीची_आई
नमस्कार, कुपवाडहून. माझी मुलगी आठवीत आहे, तिला बेसच शिकायचाय, साधी गिटार नको म्हणते. उंची पाच फूट पण नाही. वाचून काळजी वाटायला लागली, खांद्याचं काही होणार नाही ना? दुकानदार म्हणतो मोठाच घ्या, पुढं उपयोगी पडेल.

आल्टो_ताई
@मुलीची_आई वहिनी मोठा अजिबात नको. शॉर्ट स्केल मागा, ३० इंची. बोटं पण कमी ताणावी लागतात आणि बहुतेक वजनालाही हलके असतात, हातात उचलूनच घ्या. लहानांसाठीचं खेळणं आहे असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, पॉल मॅकार्टनीचा तो व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर शॉर्ट स्केलच, १९६१ ला हॅम्बुर्गमध्ये घेतला होता त्यानं. आतनं पोकळ, अडीच किलोच्या आसपास. त्याच्यावर त्यानं जग जिंकलं.

चार_तारा
आणि दुकानात मुलीच्या गळ्यात अडकवून दोन्ही हात सोडायला सांगा. बेसचं डोकं, चाव्यांकडचं टोक, खाली झुकलं तर तो घेऊ नका. वरचं शिंग आखूड असलं की पट्ट्याचं बटण मानेपासून लांब पडतं आणि डोक्याकडचं वजन जिंकतं, मग पूर्ण वेळ डावा हात वाजवण्याऐवजी बेसची मान उचलून धरण्यात जातो. बेस हलका असूनही खांदा दुखतो तो यामुळं. ट्यूनिंगच्या हलक्या चाव्या मिळतात त्या बसवल्या की खूप फरक पडतो, चार चाव्या बदलल्या की डोक्याकडचं पाव किलोच्या आसपास कमी होतं. जाझ बेसचं शिंग चांगलं लांब आहे म्हणून दादांना तो त्रास कमी, फक्त वजन.

मुलीची_आई
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. रविवारी जातो दुकानात, तिला हे वाचून दाखवलं तर नाचायला लागली

हरभट_रोड
२०१९ चा महापूर. कृष्णा ५७ फुटांवर, धोक्याची पातळी ४५. पाणी चढतंय म्हणून घरच्यांना आधी काढलं, मग कागदपत्रं, टीव्ही, मग मी परत आत गेलो बेस आणायला. कमरेएवढं पाणी. बेस डोक्यावर दोन्ही हातानं धरून चालत आलो, गल्लीतले ओरडत होते सोड रे ते. अॅम्प राहिला आत, जुना, लाकडी, वाल्ववाला, एकट्यानं हलायचा नाही. नंतर बघितला तर प्लायवूड फुगून पापुद्रे सुटलेले, स्पीकरचा कागद लगदा. तो पण स्वप्नातलाच होता हो. वडिलांनी पीएफमधनं दिलेले पैसे.

आता नवीन अॅम्प घेतलाय तो क्लास डी, म्हणजे वाल्व नसलेला हलका प्रकार, अडीच किलो, दप्तरात मावतो. आवाज छान आहे. घरही वरच्या मजल्यावर घेतलं.

डॉ_मान_पाठ
@हरभट_रोड वाचून गलबलून आलं. काळजी घ्या.

चार_तारा
अॅम्पचं वजन हा वेगळाच विषय दादा. १९६९ चा अँपेग कंपनीचा ३०० वॉटवाला, नुसतं वरचं डोकं ३५ किलोच्या पुढं, आणि खाली आठ स्पीकरची पेटी. माझ्या ओळखीतल्या एकानं तसला भाड्यानं आणला होता, चार जणांनी उचलला. पण स्टेजची फळी हलायची आवाजानं!

हरभट_रोड
वाल्वचा तो उबदार आवाज क्लास डीत शोधतोय अजून. कोणाला चांगला प्रीअम्प पेडल, अॅम्पच्या आधी लावून आवाजाचा पोत बदलणारा, माहीत असेल तर सांगा, नऊ व्होल्टवर चालणारा.

कृष्णाकाठी
@हरभट_रोड दादा, माझ्याकडं एक पडून आहे, ट्यूबचा म्हणजे वाल्वचाच. हरभट रोडला कुठं राहता? उद्या गणपती मंदिराकडं येणारच आहे, आणून देतो, महिनाभर वाजवून बघा. पैशाचं बोलायचं नाही.

आणि सगळ्यांना, चार इंची पट्टा सांगितलाय. पुण्याहून एसटी पार्सलनं येतोय.

पोवईनाका_ढोल
दादा फोटो राहिला अजून

आल्टो_ताई
@खालचा_सा पाद्रीबाबा हो म्हणाले. रविवारी उपासना दहाला संपते, त्यानंतर या. सोल्डरिंगची गन आणा, आमची बिघडलीय.

खालचा_सा
आणतो ताई. तारा पण आणू का नवीन? ४५-१०५ जाडीच्या चालतील?

आल्टो_ताई
चालतील. जेवूनच जा, तांबडा करते.