बर्फाची हौस वय नेते की काम नेते?

लातूरकर (सध्या बफेलो)

आपल्याच एका कन्नड गावच्या तरुण मित्राने परवा हिमाचलमधल्या मनाली आणि सिस्सूची छायाचित्रे टाकून लिहिले, "बर्फ पडताना पाहून ज्याला आनंद होत नाही, तो मनाने म्हातारा झाला असे समजावे." पाच दिवस बर्फात राहून आलेल्या माणसाने असा निवाडा द्यावा आणि खाली अनेकांनी माना डोलवाव्यात, याचे मला मनापासून वाईट वाटले, म्हणून सविस्तर लिहितो.

मी 2003 साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, औसा तालुक्यातून अमेरिकेतल्या बफेलोला आलो. पहिला बर्फ पडला त्या रात्री मी झोपलो नाही. लातूरला तेव्हा सकाळ झाली होती. आईला फोन लावून मी सांगत राहिलो की, आभाळातून पिंजलेला कापूस उतरतो आहे आणि त्याचा आवाजही होत नाही. पहिली सात-आठ वर्षे नोव्हेंबर लागला की मी खिडकीशी जाऊन बसत असे, हे मी आजही नाकारत नाही.

पण बफेलो हे ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला आहे. हिवाळ्याच्या सुरुवातीला सरोवराचे पाणी अजून उबदार असते, त्यावरून थंड वारे वाहत येतात, वाटेत बाष्प उचलतात आणि शहरावर आल्यावर ते बर्फाच्या रूपाने एका अरुंद पट्ट्यात ओततात. नोव्हेंबर 2014 मध्ये शहराच्या दक्षिणेकडच्या उपनगरांत पाच फुटांहून अधिक बर्फ साचला आणि त्याच वेळी काही मैल उत्तरेला जेमतेम पांढरा थर होता. माझे घर दक्षिणेला आहे.

आता हिशेब सांगतो. घरापासून रस्त्यापर्यंतची माझी गाडीवाट बारा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद आहे. तिच्यावर एक फूट बर्फ पडला की अठरा घनमीटर होतो, आणि ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला शंभर किलो धरला तरी अठरा क्विंटल भरतो, म्हणजे पन्नास किलोचे छत्तीस कट्टे. ते खोऱ्याने उचलून बाजूला फेकायचे, आणि तेही कामावर जाण्याआधी, अंधारात. ते संपवून कंबर सरळ करावी, तोवर रस्ता साफ करणारे यंत्र येऊन वाटेच्या तोंडाशी घट्ट, ओल्या बर्फाचा बांध घालून जाते. तिशीत मी हे दीड तासात करत होतो. आता बावन्नाव्या वर्षी, छातीवर दडपण येऊन एकदा पायरीवर बसून राहिल्यानंतर, शेजारच्या मुलाला पैसे देऊन करून घेतो.

डिसेंबर 2022 च्या हिमवादळात या भागात चाळीसहून अधिक माणसे दगावली. कोणी गाडीत अडकले, कोणी घरातच गारठले आणि कोणी बर्फ उपसताना हृदय बंद पडून गेले. त्यानंतर खिडकीबाहेर पहिले कण दिसले की माझ्या मनात आधी औषधांची डबी, गाडीतले इंधन आणि वीज जाईल का, हे तीन विचार येतात. याला मनाचे म्हातारपण म्हणायचे असेल, तर त्या मित्राने इथे येऊन एक पूर्ण हिवाळा काढावा आणि मग म्हणावे.

द्रासचा जुना माणूस, अंबड

आपले दुःख खरे आहे, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही. मी सैन्यातून निवृत्त झालो, वय एकसष्ट आहे, आणि दोन हिवाळे लडाखमधल्या द्रासला काढले आहेत. तिथे रात्रीचे तापमान उणे वीसच्या खाली जाणे ही बातमी नसते. झोजीला खिंडीचा रस्ता बंद झाला की पुढचे काही महिने आधी साठवलेल्या शिध्यावर काढावे लागत. छतावरचा बर्फ आम्हीही उपसला आहे, बुखारीच्या, म्हणजे खोली तापवण्याच्या शेगडीच्या, धुराने आमचेही डोळे चुरचुरले आहेत आणि माझ्या डाव्या पायाच्या दोन बोटांना हिमदंशानंतर आजही नीट जाणीव नाही.

तरीही अंबडच्या उन्हात बसलो की मला द्रासची पहाट आठवते आणि मन भरून येते. 3 फेब्रुवारी 2016 रोजी सियाचिनच्या सोनम चौकीवर हिमकडा कोसळून दहा जवान गाडले गेले, सहा दिवसांनी लान्स नायक हणमंतप्पा जिवंत सापडले आणि 11 तारखेला दिल्लीत तेही गेले. ते नऊ दिवस मी घरी बसून बातम्यांना चिकटून होतो. बर्फ काय करू शकतो हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. तो जीव घेतो हे ठाऊक असूनही त्याच्याबद्दलची ओढ टिकते, म्हणून मी त्या कन्नडच्या मुलाच्या बाजूने आहे. वय वाढले की हौस जात नाही, तक्रारीची सवय वाढते.

लातूरकर (सध्या बफेलो)

काका, आपल्या सेवेविषयी मला पूर्ण आदर आहे, पण शेवटचे वाक्य मला लागले. आपण दोन हिवाळे काढलेत, मी बावीस काढले. आपल्याला बदलीची तारीख माहीत होती. आपण ज्याची आठवण काढता तो बर्फ आपल्या तरुणपणातला आहे, आजचा नाही. आज या वयात त्या चौकीवर चढून जायला सांगितले तर हीच ओढ राहील का, याचे उत्तर द्यावे.

द्रासचा जुना माणूस, अंबड

आजही बोलावले तर जाईन. बदलीची तारीख आपण काढलीत, म्हणून सांगतो: तारीख माहीत असली तरी आपण त्या तारखेपर्यंत राहू की नाही हे तिथे कोणालाच माहीत नसते. आपल्याला परत येण्याचे तिकीट कोणत्याही दिवशी काढता येत होते, तरी आपण बावीस वर्षे राहिलात. मग दोष बर्फाला का देता?

हरभरेवाला, सेनगाव

दोघेही वडीलधारे आहात, पण बर्फाची ही चर्चा वाचताना माझ्या मनात दुसरेच येत होते. आमच्या हिंगोली-परभणीकडे बर्फ पडत नाही. मात्र समुद्र लांब, हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते, आणि निफाडच्या जोडीने परभणीचे नाव राज्यातल्या सर्वांत थंड ठिकाणांत दर हिवाळ्यात येते. अशा रात्री आमच्या शिवाराला आठवड्यातले चार दिवस लाईन रात्री मिळते. हरभऱ्याला फांद्या फुटताना आणि घाटे भरताना पाणी लागते, ते पीक आमची सोय पाहत नाही. रात्री दोन वाजता चिखलात उभे राहून स्प्रिंकलरचे वीस-वीस फुटी पाईप सोडवायचे, पाणी अंगावर घ्यायचे, पुढे नेऊन पुन्हा जोडायचे. बोटे इतकी बधिर होतात की क्लिप लागली की नाही हे डोळ्यांनी पाहावे लागते.

मी एक्केचाळीस वर्षांचा आहे. लहानपणी याच थंडीत आगटी पेटवून आजोबांनी चोळून दिलेला गुळभेंडीचा हुरडा खाल्ला आहे, शेकोटीशी कुडकुडत गप्पा ऐकल्या आहेत, आणि थंडी कधी संपूच नये असे वाटले आहे. आजही ती पडावी अशी माझीच इच्छा असते, कारण थंडीवाचून गहू भरत नाही. पिकासाठी जी हवी, तीच अंगाला नको, अशी अवस्था झाली आहे. यात वयाचा संबंध किती आणि रात्रीच्या विजेचा किती, हे आपणच ठरवा.

कन्नडचा भटक्या

ज्याच्या वाक्यावरून हे सुरू झाले तो मीच. विषय बर्फाच्या आनंदाचा होता, तो शेतीच्या विजेवर कसा गेला ते कळले नाही. 2023 पासून सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा सुरू आहे, आमच्या गावच्या शेतीला आता दिवसा वीज मिळते आणि रात्रीचे जाणे संपले आहे. प्रत्येक आनंदाच्या गोष्टीत तक्रार आणलीच पाहिजे का?

हरभरेवाला, सेनगाव

आपल्या गावाला मिळते याचा आनंद आहे, आमच्या शिवाराला अजून मिळत नाही. माझ्या चुलत्यांना अशाच एका रात्री बांधावर साप चावला, अंधारात कोणता साप तेही कळले नाही, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत उजाडले. ते वाचले, पण पुन्हा रात्री रानात गेले नाहीत. तुम्ही थंडीकडे तिकीट काढून जाता आणि आमच्याकडे ती मोटारीच्या वेळेवर येते, एवढेच मला सांगायचे होते. याला तक्रार म्हणत असाल, तर म्हणा.

सिडकोवासी, छत्रपती संभाजीनगर

रात्रीच्या पाळीबद्दल शेतकरी बोलले की सहानुभूती मिळते, पण कारखान्यात रात्रपाळी करणारेही थंडीतच मोटारसायकलवर जातात. वाळूजच्या रस्त्यावर पहाटे चारला गुडघे कसे धरतात ते मी अठरा वर्षे अनुभवतो आहे.

हरभरेवाला, सेनगाव

दादा, आपल्या पाळीचा पगार ठरलेला असतो. माझ्या हरभऱ्याचा भाव काढणीच्या दिवशी कळतो. तुलना करू नये.

सिडकोवासी, छत्रपती संभाजीनगर

कंत्राटी कामगाराचा पगार ठरलेला असतो असे ज्याला वाटते, त्याने कारखाना आतून पाहिलेला नाही. गुडघ्यांना मात्र दोघांचीही थंडी सारखीच लागते, एवढे मान्य करतो.

केजची लेक

इथे सगळेच असे धरून चालले आहेत की लहानपणी थंडीची हौस असतेच आणि पुढे ती जाते. माझे उलटे झाले आहे, म्हणून लिहिते. माझे आई-वडील ऊसतोडीला जात. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी यायची आणि मार्चपर्यंत आम्ही कोपीत राहायचो. पाचटाच्या भिंतीतून वारा आत यायचा. पहाटे चारला आई-वडील फडात उतरायचे, तेव्हा उसाच्या पानांवर इतके दव असायचे की पहिल्या मोळीतच आईचे लुगडे कमरेपर्यंत भिजायचे, आणि धाकट्या भावाला वाकळीत गुंडाळून बांधावर घेऊन बसायचे काम माझे होते. तेव्हा मी आठ वर्षांची होते. हिवाळा या शब्दाचा अर्थ माझ्यासाठी ओले कपडे असा होता.

आज मी चौतीस वर्षांची आहे, शाळेत शिकवते. गेल्या मार्गशीर्षात मैत्रिणीने वेळा अमावस्येला तिच्या शेतात औशाला नेले. कडब्याच्या कोपीत लक्ष्मी मांडलेली, भज्जी, उंडे, गाडग्यातली आंबील, आणि उन्हात पाय पसरून बसलेली पन्नास माणसे मी पाहिली. कोप हा शब्द आनंदाचाही असतो, हे मला तिथे कळले. त्या दिवशी संध्याकाळी गारवा उतरला तेव्हा मी शाल अंगावर ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदा मला थंडी आवडली. वयाने माझी हौस नेली नाही, उलट आणून दिली. म्हणून लातूरच्या दादांना विचारते, हौस वयाने गेली असे आपण म्हणता, पण आपण सांगितलेली सगळी कारणे तर कामाचीच आहेत ना?

वैद्यकीय, नांदेड

ताई, प्रश्न योग्य आहे, पण शरीराची बाजू इतकी सहज काढून टाकता येणार नाही. वय वाढते तसे स्नायू कमी होतात आणि उष्णता निर्माण करणारा मोठा कारखानाच लहान होतो. त्वचेच्या रक्तवाहिन्या पूर्वीइतक्या जोमाने आकुंचन पावत नाहीत, त्यामुळे ऊब बाहेर जाते, आणि थरथर सुटण्याची क्रियाही मंदावते. थंडीत रक्तदाब वाढतो. अशा वेळी खोऱ्याने जड बर्फ उपसणे म्हणजे थंड हवेत, श्वास रोखून, हातांनी केलेले अचानक श्रम, आणि पन्नाशीतल्या हृदयासाठी हे फार वाईट मिश्रण आहे. लातूरच्या दादांनी पायरीवर बसून राहिल्याचे एका ओळीत सांगून टाकले. त्यांनी हृदयाची तपासणी केली नसेल तर ती आधी करावी. तसेच एखाद्याला दोन-तीन वर्षांत अचानक थंडी सोसेनाशी झाली, तर वयावर ढकलू नये, थायरॉइड आणि रक्तातील हिमोग्लोबिन तपासावे.

गोदाकाठ, गंगाखेड

डॉक्टर म्हणतात ते बरोबर असेल, पण माझी आजी वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत कार्तिकात पहाटे गोदावरीत स्नान करून काकड्याला जात होती, आणि आम्ही नातवंडे पांघरुणातून तोंड बाहेर काढत नव्हतो. तिचे स्नायू कुठून आले होते?

वैद्यकीय, नांदेड

आपल्या आजींना माझा नमस्कार. एका आजींवरून सगळ्या आजींचा नियम करता येत नाही, आणि त्याच पहाटे ज्या आजी अंथरुणातून उठू शकल्या नाहीत त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही.

लातूरकर (सध्या बफेलो)

तपासणी झाली आहे, एका धमनीत स्टेंट बसवला आहे. वर लिहिले नव्हते, कारण सहानुभूती मागायची नव्हती.

केजच्या ताईंचा प्रश्न दिवसभर डोक्यात राहिला. गेल्या दोन हिवाळ्यांत शेजारचा मुलगा बर्फ उपसतो, तेव्हा मी आतून पाहतो. जुनी हौस परत येते का, हे मी प्रामाणिकपणे तपासले. थोडी येते. दुपारी सव्वाचारला, अंधार पडायच्या आधी, झाडांवर निळसर उजेड असतो तेव्हा येते. पण साडेचार-पावणेपाचला सूर्य मावळतो आणि ती जाते. म्हणजे ताई म्हणतात तसे काम हे मोठे कारण होते, हे मान्य करावे लागते. ते एकमेव कारण होते, हे मात्र मान्य नाही. काकांना मी तारखेवरून जे बोललो ते बोलायला नको होते.

द्रासचा जुना माणूस, अंबड

स्टेंटचे आधी कळले असते तर तक्रारीचा शब्द मीही वापरला नसता. माझे मत तेच आहे. आपण जे सव्वाचारच्या उजेडाचे लिहिलेत, तेच मी ओढ म्हणतो.

कन्नडचा भटक्या

"मनाने म्हातारा" हे शब्द मी मूळ लेखातून काढले आहेत. सिस्सूला मी ज्यांच्या घरी उतरलो होतो, त्या आजोबांनी सांगितले होते की 2020 मध्ये अटल बोगदा खुला होण्याआधी रोहतांग खिंडीचा रस्ता बंद झाला की आजाऱ्याला खाली नेता येत नसे, आणि त्यांची बायको अशाच एका फेब्रुवारीत गेली. हे मी लिहिले नव्हते, कारण छायाचित्रांच्या खाली ते शोभणार नाही असे वाटले. पुढच्या जानेवारीतही मी बर्फ पाहायला जाणार आहे आणि तेवढाच आनंदित होणार आहे; त्याबद्दल कोणाचीही माफी मागणार नाही.

हरभरेवाला, सेनगाव

जरूर जा. येताना हिंगोलीवरून या, हुरडा मी भाजतो. फक्त दिवस आधी कळवा, म्हणजे त्या रात्री आमची पाळी नाही ना ते पाहून ठेवतो.