चिकन अँड डंपलिंग्ज: चपटी खरी की फुगलेली?

प्रश्न: अमेरिकेत चिकनच्या रश्श्यात पिठाचे तुकडे (डंपलिंग्ज) शिजवतात. डेलावेअर राज्यातल्या शेजारीणबाईंच्या रश्श्यात ते पातळ चौकोनी होते, तर टेनेसीच्या मैत्रिणीकडे चक्क फुगलेले गोळे! मूळ प्रकार कुठला?

उत्तर १: चपटा जुना. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वस्तीकरांचं 'बॉट बॉय' असंच असतं: कणीक लाटायची, चौकोन कापायचे, उकळत्या रश्श्यात एकेक सोडायचे. डेलावेअरची 'स्लिपरी डंपलिंग्ज' त्याच जातकुळीतली. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात लांब पट्ट्या करतात, त्याला 'चिकन पेस्ट्री' म्हणतात. मला हीच सगळ्यात आवडते. पट्टीवरचं पीठ रश्श्यात उतरतं आणि तो आपोआप दाटतो.

उत्तर २: गोळे बेकिंग पावडरमुळे फुगतात. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ हॉर्सफर्ड यांचं त्या पावडरीसाठीचं पेटंट १८५६चं, म्हणजे हा प्रकार त्यामानाने नवा. सैलसर पीठ चमच्याने सोडून झाकण लावा आणि मध्ये अजिबात उघडू नका, वाफ गेली की गोळे बसतात.

उत्तर ३: हा पदार्थ १९२९नंतरच्या महामंदीत जन्मला असं सर्रास सांगतात, ते चूक आहे. तो त्याच्या कितीतरी आधीचा. अंडी द्यायची थांबलेली कोंबडी चिवट असते, ती तासन्‌तास मंद आचेवर शिजवावी लागते. त्या रश्श्यात पीठ घातलं की एका कोंबडीत अख्खं घर जेवतं.