हिंगणघाट, गिरड आणि डब्यांचा विषय

प्रेषक: मुग्धा
विषय: मे महिन्यात विदर्भात जाणाऱ्यांसाठी

नमस्कार मंडळी,

यंदा मे-जूनमध्ये आपल्या सिएटलच्या मंडळातली बरीच घरं नागपूर, वर्धा, यवतमाळकडे जाताहेत. गावी मुलांना दोन दिवस मजा वाटते, तिसऱ्या दिवसापासून मोबाईल. जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी लपवलेला डबा जीपीएसने शोधायचा आणि आतल्या वहीत सही करायची, हा खेळ. इथल्या फ्रीमाँट भागातलं त्याचं मुख्यालय बघून आल्यापासून आमच्या दोघांना तर दुसरं काही सुचत नाही. म्हणून मनात आलं, प्रत्येकाने आपापल्या गावात एखादा कॅश, म्हणजे असा डबा, लपवावा. मंडळाचं बोधचिन्ह छापलेले डबे मी मागवते. कोणाला तिकडचा अनुभव आहे का? शिरीष, तू जानेवारीत काहीतरी केलंस म्हणे.

मुग्धा

---

प्रेषक: शिरीष
विषय: उत्तर: मे महिन्यात विदर्भात जाणाऱ्यांसाठी

मुग्धा आणि सगळे,

केलं, पण डबे नाही लपवले. मित्रांबरोबर शनिवार-रविवारी हा खेळ खेळणाऱ्यांचे दोन मेळावे केले, एक हिंगणघाटला आणि एक गिरडला. गावाकडे मेळावाच करावा, डब्याच्या भानगडीत पडू नये, असं माझं मत झालंय. डबे मागवायच्या आधी हे वाच.

पहिली अडचण नियमांची. सुट्टीत जाऊन लपवलेला कॅश सहसा मंजूरच होत नाही. डबा भिजला, फुटला, वही भरली, तर जाऊन बघणारं माणूस जवळ हवं, आणि सिएटलहून ते आपल्याच्यानं होणार नाही. गावातलं कोणी राजी असेल तर तसं कळवून मागता येतं. खड्डा करून पुरायचं नाही, खायचं काही ठेवायचं नाही, दुसऱ्या डब्यापासून निदान १६१ मीटर लांब ठेवायचा. गंमत म्हणजे या खेळातला पहिला डबा अर्धा पुरलेलाच होता. जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक अमेरिकी सरकारने २ मे २००० ला काढली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मरने ओरेगॉनमध्ये बीव्हरक्रीकजवळ काळी बादली ठेवली. तिच्यात खायचा एक टिनचा डबाही होता. आजच्या नियमांत ती बसली नसती.

मेळाव्याचं सोपं. जागा आणि वेळ ठरवायची, निदान दोन आठवडे आधी खेळाच्या संकेतस्थळावरच्या यादीत लागेल असं बघायचं, निदान अर्धा तास तिथे थांबायचं. सांभाळायला मागे काही उरत नाही.

हिंगणघाट का, तर विल्यम लॅम्बटन, हिंदुस्थानची मोजणी सुरू करणारा इंग्रज अधिकारी. अक्षांश-रेखांशाच्या मागे धावणाऱ्या माणसांनी विदर्भात कुठे जमायचं तर तिथेच. १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून या माणसाने त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे सरकवत आणली. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, पुढे जंगल, पावसाळ्यातला ताप. नागपूरकडे निघालेला असताना २० जानेवारी १८२३ ला तो हिंगणघाटला वारला, आणि त्याची कबर तिथेच आहे. पुढचं काम त्याचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्टने हाती घेतलं. शिखराला नाव त्याचं लागलं, लॅम्बटनला हिंगणघाटातही फार कोणी ओळखत नाही. आम्ही २० जानेवारीच्या जवळचा शनिवार धरला.

नागपूरचे मित्र आणि पुण्याहून आलेलं एक जोडपं, असे जमलो. जागा चहाच्या टपरीसमोरची. सहीसाठी नवी कोरी वही नेली होती. ती उघडून मी पेन काढतो तोच टपरीवाल्या भाऊंनी हात पुढे केला. "पहिल्या पानावर तसंच लिहून राहिले का बाप्पा? द्या इकडं." आणि वर मधोमध 'श्री' काढला, खाली तारीख घातली, मग वही माझ्या हातात. नंतर त्यांनी स्वतः सही केली, बाजूच्या पंक्चरवाल्याला बोलावून त्याची घेतली. संकेतस्थळावर आमच्या हजेऱ्या मोजक्याच लागल्या, पण वहीचं दुसरं पान भरत आलं होतं. लॅम्बटन कोण हे सांगता सांगता चहाचे दोन फेर झाले. एका आजोबांना एकच शंका होती, "एवढं मोजून त्यानं जमीन कोणाच्या नावावर केली?" यावर आमच्यापैकी कोणाकडे धड उत्तर नव्हतं.

आता डब्याचं. आमच्यातल्या नागपूरच्या मित्राला रविवारी सकाळी हुक्की आली. गिरडच्या वाटेवर त्याच्या मामांचं शेत आहे, तिथे सरावासाठी एक डबा लपवू, यादीत टाकायचा नाही, पुण्याच्या जोडप्याने शोधायचा. धुऱ्यावर दगडांचा ढीग होता, त्यात ठेवला. ती दोघं फोन घेऊन फिरताहेत, फोन कधी तुरीत नेतोय, कधी बांधाच्या पलीकडे. बकऱ्या राखणारा एक पोरगा तुराटीने दात कोरत बघत बसला होता. थोड्या वेळाने उठला, सरळ ढिगाकडे गेला, एक दगड उचलला आणि डबा पुढे धरला. "हा शोधून राहिले का?" कसं कळलं विचारलं तर म्हणाला, "या गोट्याची वली बाजू वर होती ना."

पहाटेच्या दवाने जमीन ओली होती. दगडाची खालची बाजू वर आली की इथलं पोरगंही ओळखतं. मुग्धा, माझं म्हणणं तेच आहे. हा खेळ सिएटलच्या बागेत चालतो, कारण तिथे कोणी कोणाकडे बघत नाही. आपल्या गावात नवं माणूस बांधावर वाकलेलं दिसलं की चार शेतांवरून हाक येते. लपवाछपवी तिथे टिकत नाही, आणि उगाच संशय येतो तो वेगळाच. सांगूनसवरून काय करायचं ते करावं.

गिरडचा मेळावा साफसफाईचा होता. त्याला निदान एक तास द्यावा लागतो. शेख फरीदबाबांच्या टेकडीवर हिंदू-मुसलमान दोघेही जातात, आणि अगरबत्तीची पाकिटं, खर्र्याच्या पन्न्या दोघांच्याही असतात. पोती भरली. टेकडीवर गोल गोल गोटे सापडतात, काही जायफळाएवढे, काही सुपारीएवढे. कोण्या व्यापाऱ्यांनी बाबांची टिंगल केली म्हणून त्यांचा सगळा माल दगड झाला, असं तिथले लोक सांगतात. भूगर्भवाले त्यांना झिओलाइटच्या गाठी म्हणतात. मला विचाराल तर दोन्ही गोष्टी मुलांना सांगाव्यात, आधी व्यापाऱ्यांची.

त्या जागेला अर्थकॅश शोभेल. त्यात डबाच नसतो. येणाऱ्याने दगड बघायचा, हात लावायचा, प्रश्नांची उत्तरं लिहून पाठवायची. गोटा खिशात घालून न्यायचा नाही, हे मुलांना बजावावं लागेल, कारण मोठेच नेतात. जागेच्या मालकाची परवानगी मात्र घ्यायची. लोणारला तर डब्याचं नावही काढू नका, ते अभयारण्य आहे.

आणखी एक. ट्रेकला नेतेस तो सॅटेलाइट मेसेंजर इथेच ठेव. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं भारतात गुन्हा आहे, थुराया आणि इरिडियम या कंपन्यांच्या उपकरणांवर तर सरळ बंदी, आणि विमानतळावर वाद घालून उपयोग होत नाही. साधा फोन पुरतो.

शिरीष

---

प्रेषक: विजूकाका
विषय: उत्तर: उत्तर: मे महिन्यात विदर्भात जाणाऱ्यांसाठी

शिरीष,

माझं अख्खं लहानपण हिंगणघाटात गेलं. मिलच्या भोंग्यावर आमच्या घरचं घड्याळ लागायचं. हा लॅम्बटन मला तुझ्या मेलमध्ये भेटला! शाळेत गंगा-यमुनेची लांबी पाठ करून घेतली, पण वणेच्या काठी कोण झोपलाय ते कोणी सांगितलं नाही. आणि त्या आजोबांचा प्रश्न बरोबर आहे. आमच्या वडिलांच्या शेताची मोजणी आली की आई तीन दिवस जेवत नसे.

मुग्धा बाळ, तुझा उत्साह मला आवडतो, पण तू मे म्हणालीस. वर्धेला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. दुपारी पोरांना धुऱ्यावर सोडणार का? जे काय करायचं ते सकाळी सात ते नऊ, मग घरी येऊन पन्हं आणि कूलरसमोर आडवं. रात्री टॉर्च घेऊन शोधायची कल्पना कोणाच्या डोक्यात असेल तर तीही काढून टाका. गिरडकडच्या जंगलात वाघाचा वावर असतो.

एका गोष्टीत मात्र माझा विरोध. शिरीष म्हणतो डबा नकोच. गावातला माणूस राजी असेल तर का नको? माझा साडू समुद्रपूरला असतो, रिटायर आहे, बसल्या बसल्या लोकांना पत्ते सांगणं हाच त्याचा धंदा. डबा त्याच्या अंगणात, फाटकाच्या आतल्या बाजूला. येणाऱ्याने हाक मारायची, डबा मागायचा, सही करायची. लपवायचा कुठे प्रश्नच नाही.

विजूकाका

---

प्रेषक: मुग्धा
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: मे महिन्यात विदर्भात जाणाऱ्यांसाठी

काका, डबा मागून घेतला तर त्याला शोधणं कसं म्हणायचं? मंजूर करणारे विचारतील. पण घराच्या अंगणात मालकाच्या परवानगीने ठेवता येतो, तेव्हा फाटकाबाहेरून हात पोचेल असा एखादा कोनाडा आहे का, तेवढं तुमच्या साडूंना विचाराल का?

डब्यांची ऑर्डर थांबवली आहे. त्याऐवजी जूनच्या पहिल्या शनिवारी सकाळी सात वाजता, हिंगणघाट, त्याच टपरीसमोर. कोण येणार ते या आठवड्यात कळवा, यादीत दोन आठवडे आधी लागायला हवं. शिरीष, वही तुझ्याकडे आहे का टपरीवाल्या भाऊंकडे?

मुग्धा

---

प्रेषक: शिरीष

भाऊंकडे. त्यांनी दिलीच नाही.